फुलोरा अजून कच्चा आहे

गांजाचं झाड नेमकं कोणत्या दिवशी कापावं, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा अख्ख्या पुण्यात एकच माणूस आहे, आणि त्या माणसाने आयुष्यात साधी विडी ओढलेली नाही. हे आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे काका. चाळीस वर्षं त्यांनी कसबा पेठेत घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केलं तेव्हा बाकी सगळं देऊन टाकलं, फक्त डोळ्यात अडकवायचं भिंग तेवढं घरी आणलं. मला ते पत्रकबाई म्हणतात. औषधी गांजावरची बंदी उठवा, असं मी लिहिते, छापते आणि दिसेल त्याच्या हातात कोंबते, म्हणून. जिन्यात भेटले की चष्म्यावरून बघत विचारणार, "काय पत्रकबाई, आज कोणाचा निषेध?"

त्यांची तीन झाडं गच्चीवर टाकीमागे, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. शेजारी मिरची, कढीपत्ता आणि स्वतःच्या अक्षरातली पाटी: "ही तुळस नव्हे. पाने तोडू नयेत. कारण विचारू नये." पुण्यात एवढं लिहिलं की लोक खरोखरच विचारत नाहीत, वर मनातल्या मनात अपमानही करून घेतात. बहुतेकांना तो झेंडू वाटायचा. दसरा होऊन गेला तरी फुलत कसा नाही, याचीच काय ती चिंता. खरी गोष्ट काका, काकू आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होती. काकूंचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं, दुखणं तिथेच राहायचं. पहिल्या वर्षी काकांनी फुलोरा तुपात कढवून थेंबभर दिला, आणि काकू कित्येक महिन्यांनी एक दुपार नीट झोपल्या. काकांच्या आयुष्याचा उद्देश त्या दुपारी ठरला.

पण दुसऱ्या वर्षी त्यांनी घाई केली. आठवडाभर आधी कापलं आणि काकूंचं काळीज तीन दिवस धडधडत राहिलं. तेव्हापासून या गृहस्थांनी झाडाशी जे काही आरंभलं, ते मी दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने केलेलं पाहिलेलं नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला हे भिंग लावून कुंडीपुढे उकिडवे. फुलावरचे पांढरे केस किती तपकिरी झाले, ते आत वळले की अजून ताठ आहेत, सगळं वहीत. मी एकदा म्हटलं, "काका, पानं पिवळी पडली, कापा की." तर म्हणाले, "पानं पिवळी पडली म्हणजे झाड तयार असं मानणारा माणूस डोक्यावरचे केस पांढरे झाले म्हणजे अक्कल आली असंही मानेल." मग भिंग माझ्या डोळ्यात अडकवलं. फुलावर चिकाचे थेंब होते, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक. "हे पाण्यासारखे दिसतात ना? कच्चे. दुधासारखे झाले की कामाचे. मधाच्या रंगाचे झाले की माणूस नुसता पडून राहतो. मला दुधात चिमूटभर मध हवाय." परतीचा पाऊस आला तेव्हा बुरशी धरू नये म्हणून यांनी तिन्ही झाडांवर छत्र्या बांधल्या आणि स्वतः भिजत उभे राहिले. काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो, चौथी छत्री स्वतःलाही बांधा!"

आता माझ्याबद्दल. पत्रक कसं लिहावं हे मला शिकवलेलं आहे: आकडे कमी, संताप जास्त आणि एक तरी जिवंत उदाहरण. या देशात त्या झाडाचं पान घोटून प्यायलेलं कायद्याला चालतं, फुलाला हात लावला की माणूस गुन्हेगार. हे लिहिताना मी भयंकर चिडले होते. आणि त्या भरात मी लिहिलं: "बिबवेवाडीतील एका निवृत्त घड्याळजीला आजारी पत्नीसाठी गच्चीवरील टाकीमागे चोरून औषध पिकवावे लागते." नाव गुप्त ठेवलं होतं. नाव गुप्त ठेवल्याचा मला अभिमानही वाटला होता. मग तीच पत्रकं मी आमच्याच सोसायटीच्या पत्रपेट्यांत टाकली. पंचवीस बिऱ्हाडांत घड्याळजी एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन वॉचमनला घेऊन गच्चीवर. मी धावत पोचले तेव्हा काका टाकीला पाठ लावून उभे होते.

"चेअरमनसाहेब, आठ दिवस द्या. मीच कापतो, डबे धुऊन देतो."

"काका, पोलिसांना कळवलं नाही हेच उपकार समजा. सोसायटीचं नाव आहे काही."

"आहे ना. गेटवर लिहिलंय. त्याला काही होत नाही."

मी मध्ये पडून कायद्याची कलमं सांगू लागले, तर चेअरमन शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याच पत्रकातून कळलं. छान लिहिता." माझ्या लिखाणाचं इतकं नेमकं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही. तिन्ही झाडं मुळासकट निघाली, काळ्या पिशवीत कोंबली गेली आणि ओल्या कचऱ्यात गेली. तुटलेला एक शेंडा खाली पडला होता. काकांनी तो उचलला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिला. "पाणी," एवढंच म्हणाले, आणि शेंडाही वॉचमनच्या पिशवीत टाकला. कच्चं औषध ते काकूंना देणार नव्हते.

माफी मागायला वर जायला मला चार दिवस लागले. सरकारपुढे, पोलिसांपुढे, सभेत हजार माणसांपुढे मी कधी अडखळले नाही, त्या एका दारापुढे मात्र दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा काकांनीच दार उघडलं. "या पत्रकबाई." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, सगळ्या बिल्डिंगने वाचलं, मीच राहिले. वाच बघू." मी उभ्या उभ्या वाचायला लागले. "वृद्धेच्या असह्य वेदना" इथवर आले तर त्यांनी हात वर केला.

"वेदना कोणाला होतात गं? मला ठणका लागतो. ठणका लिही."

मी पेन काढलं, शब्द खोडला, वर ठणका लिहिलं. काकू म्हणाल्या, "हां. आणि पुढच्या वेळी छापायच्या आधी दाखव." मग त्यांना बोलवेना. काका पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि त्यांचे तळवे अंगठ्यांनी दाबू लागले, अगदी हलके, कुठे थांबायचं ते बोटांना ठाऊक असल्यासारखं. मला कोणी जा म्हणालं नाही. दुपार तशीच सरत राहिली.