रेखानं वाचून दाखवलेल्या प्रेमकथा

मी परदेशी निघाले त्या दिवशी वाळूजच्या बजाजनगरला मावशीच्या घरी सगळे जमले होते. पाचोडहून आई-अण्णा आले होते. अण्णांनी मळ्यातली मोसंबी आणली होती. एवढी मोसंबी विमानात नेता येणार नाही हे तीनदा सांगूनही ते पिशवी माझ्याच हातात देत होते. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, कंपनीतून सुट्टी घेतली होती. गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. फक्त रेखा आली नव्हती. तिचं सासर बिडकीनला, तिथून तासाभराच्या आतच.

"सासूला बरं नाय म्हणं तिच्या," मावशी म्हणाली आणि माझ्या डोळ्यांत न बघता कपाळाला कुंकू लावलं.

सासूला काही झालेलं नाही हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गाडी सुटताना आई खिडकीशी वाकून म्हणाली, "नीट राह्य. खरं बोलून राह्य." तिनं तो आशीर्वाद म्हणून दिला होता. मला तो इंग्लंडात, लीड्सपर्यंत टोचत राहिला. का, ते आज लिहायचं आहे. पाचोडचं कुणी वाचेल, माझ्यासारखं घर सोडून आलेलं कुणी वाचेल. रेखा वाचणार नाही.

रेखा मावशीची मुलगी, माझ्याहून एका वर्षानं मोठी. दहावीनंतर मला शहरात आणलं ते तिच्याच खोलीत. संभाजीनगरला तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. मी गावच्या मराठी शाळेतली, ती वाळूजच्या इंग्रजी शाळेतली. पहिले कित्येक दिवस मी कॉलेजातून येऊन रडायचे, कारण वर्गात काय चाललंय तेच कळायचं नाही. रेखानं मला अभ्यास शिकवला नाही. तिनं मला तिची पुस्तकं वाचून दाखवली.

औरंगपुऱ्यात जुनी पुस्तकं मिळायची, तिथून ती आणायची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या, आजच्या काळातल्या प्रेमकथा. कुणी नव्या शाळेत आलेली, कुणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात काम करणारी, आणि समोर एक जरा तिरसट, जरा दुखावलेला मुलगा. मावशीला वाटायचं, इंग्रजी आहे म्हणजे अभ्यासाचंच असणार. शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरी दिवसभर पुस्तकातून मान वर करत नायत."

दुपारी मावशी आडवी झाली की आम्ही गच्चीच्या जिन्यावर बसायचो. तिथं सावली असायची. रेखा मनात एक परिच्छेद वाचायची आणि मराठीत सांगायची. "मग त्यो तिला म्हणतो, कामून रुसलीस बे? तर ती म्हणती, जा ना यार, तुला काय फरक पडतो!" अमेरिकेतली ती सगळी पोरं तिच्या तोंडून वाळूजच्या पोरांसारखी बोलायची. हसून हसून माझं पोट दुखायचं. आणि मग गोष्ट अशी काही वळायची की दोघी गप्प व्हायचो.

आम्हाला त्यातल्या चुंबनांचं फार अप्रूप नव्हतं. ती आली की रेखा "आता ते झालं" एवढंच म्हणून पान उलटायची. आम्ही थांबायचो ते भलत्याच जागी. एका पुस्तकात मुलगी चिडून खोलीचं दार लावून घेते, आणि आई बाहेरून टकटक करून विचारते, आत येऊ का? ते रेखानं दोनदा वाचलं. दुसऱ्या एका पुस्तकात बाप मुलीला विचारतो, तुला काय वाटतं? आमच्या दोघींच्या घरी माणसं वाईट नव्हती, पण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

ती कॉलेजला गेली की तेच प्रकरण मी पुन्हा काढायचे. गोष्ट ठाऊक असल्यामुळं अक्षरं हळूहळू बोलायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रेखा बदल करते. नायक खोटं बोलला असेल तर तिच्या सांगण्यात तो बोलायचा नाही. आई फार टाकून बोलली असेल तर रेखा तिला मऊ करायची.

"असं नाहीये यात," मी तिला पुस्तक दाखवलं.

"नसू दे ना यार. मला असं आवडतं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं पण, तू वाचलंस? तुझं तू वाचलंस?" आणि मला मिठीच मारली.

मी बारावीत असताना तिच्या वर्गातला एक मुलगा तीच पुस्तकं वाचायला लागला. सचिन त्याचं नाव. पुस्तक त्याच्याकडून परत यायचं तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक इंग्रजीत काहीबाही लिहिलेलं असायचं. सुरुवातीला नायकाची टिंगल, मग रेखाची, मग टिंगल संपली. रेखा मला सगळं दाखवायची. समासातल्या त्या ओळी वाचताना मला गोष्टीपेक्षा जास्त धडधडायचं. तो आमच्यातला नव्हता. हे आम्ही दोघी एकमेकींना कधी म्हणालो नाही.

कुणीतरी काकांच्या कानावर घातलं. त्या रविवारी पाचोडहून आईलाही बोलावून घेतलं होतं. मी बाहेरून आले तर बैठकीत सगळे बसलेले, रेखा भिंतीला टेकून उभी, आणि तिचं पुस्तक काकांच्या हातात. समासातली पेन्सिल त्यांना दिसत होती, पण इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मावशीला नाही, आईला नाही.

"वैशू," काका म्हणाले, "वाच. मराठीत सांग काय लिवलंय."

रेखानं माझ्याकडं बघितलं. घाबरली नव्हती ती. उलट तिचा चेहरा जरा सैल झाला, मला स्पष्ट दिसलं.

आई म्हणाली, "खरं खरं सांग. नाय तर आत्ताच्या आत्ता कपडे भर आन् चल पाचोडला."

मी वाचलं. 'घाई नको, पळून वगैरे काही जायचं नाही. नोकरी लागली की मी स्वतः घरी येऊन बोलेन. रविवारी हिमायत बागेत नेहमीच्या जागी ये.' अक्षर न् अक्षर. 'पुस्तक कंटाळवाणं आहे' असं लिहिलंय, असं मी म्हणू शकले असते. त्या खोलीत मला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. गावी परत जायची भीती होती, ती होतीच. पण तेवढीच नव्हती, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी न अडखळता वाचत होते. सगळी मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मला आत कुठंतरी बरं वाटत होतं.

मी थांबले. मग काका आईला म्हणाले, "ही पोरगी हुशार आहे, अक्का. हिला पुढं शिकवा."

रेखाचं कॉलेज दुसऱ्या दिवसापासून बंद झालं आणि दोन महिन्यांत बिडकीनला लग्न झालं. लग्नात मी तिच्या मागं करवली म्हणून उभी होते. तिनं मला शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपली असती. ती बिडकीनला गेली. मी मात्र त्याच घरात राहिले, तिच्या कॉटवर झोपले, इंजिनिअर झाले, पुण्याला नोकरी केली आणि मग इकडं आले.

लीड्समध्ये माझ्या घराजवळ एक वाचनालय आहे. किशोरांच्या कपाटातली प्रेमकथेची पुस्तकं मी अजून घेते. पस्तिशीकडं झुकलेली बाई, ऑफिसात दिवसभर मीटिंगा घेणारी, शनिवारी ट्रॉलीत दूध, धणे आणि सतरा वर्षांच्या पोरीचं हृदयभंगाचं पुस्तक घालून घरी येते. ती पुस्तकं मला आवडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. गैरसमज व्हावा, दोघं तुटावीत, आणि शेवटच्या वीस पानांत कुणीतरी धावत यावं. मी वाचताना मनात भाषांतर करते, रेखाच्या मराठीत. कुणी ऐकायला नसतं. पुस्तक संपतं, ती दोघं भेटतात, आणि मी स्वयंपाकघरात भिंतीकडं बघत उभी राहते. त्या पुस्तकांत मैत्रीण चूक करते, माफी मागते, आणि पुढच्या प्रकरणात दोघी पुन्हा एकत्र हसतात. मला तेवढं एकच पान खोटं वाटतं.

इकडं आल्यावर चार वर्षांनी गावी गेले तेव्हा न कळवता बिडकीनला गेले. रेखानं चहा केला. अंगानं भरली होती, केस पुढून विरळ झाले होते. दोन्ही मुलं शाळेत होती. सासू ओसरीवर गेल्यावर मी म्हणाले, "रेखा, त्या दिवशी मी..."

"तू काय खोटं थोडंच वाचलंस?" ती शांतपणे म्हणाली. "जे होतं तेच वाचलंस." कप विसळायला उठली. मोरीकडं तोंड करून म्हणाली, "मला मात्र वाटलं व्हतं, तू बदलून सांगशील."

मी रडायला लागले. ती कप विसळत राहिली. मग पदराला हात पुसत विचारलं, "तिकडं वाचतीस का अजून तसली पुस्तकं?"

"नाही," मी म्हणाले. "वेळच नाही मिळत."

"बरंय," ती म्हणाली. "मी बी नाय वाचत."

निघताना दारापर्यंत आली. म्हणाली, "पुढच्या टायमाला फोन करून ये. घरी आसंल का नाय सांगता येत नाय."

या वर्षी पुन्हा गेले. पाचोडला दोन दिवस झाल्यावर आईच्या फोनवरून तिला फोन लावला. आईचं नाव बघून तिनं लगेच उचलला. मी म्हणाले, "रेखा, मी वैशू. उद्या येऊ का?"

पलीकडं कुणाचं तरी ट्रॅक्टर चालू होतं, ते हळूहळू दूर गेलं. आईबाप, भाऊ, मळा, सगळं अजून जागेवर आहे. पण घर म्हणजे मला ती एकच मुलगी होती, जिच्याबरोबर मी जिन्यावर हसले. परदेशात अकरा वर्षं मी घराकडं जाते म्हणते तेव्हा मनात तीच असते.

"या की," रेखा म्हणाली. "दुपारच्याला या. जेवूनच जा तुम्ही."

मला ती कधीच 'तुम्ही' म्हणाली नव्हती. मी गेले नाही.