चौथ्या माळ्यावरची कांताबाई

कांताबाईने नवऱ्याला चौथ्या माळ्यावर कोंडून ठेवलंय, अशी साऱ्या इमारतीत बोंब होती.

खोटं. तिचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. फक्त तिच्या नवऱ्याला, लहानूजींना, जिना उतरायला गुडघे उरले नव्हते. कळमन्याच्या बाजारात पोती वाहून वाहून ते केव्हाच संपले होते.

जुनी वस्ती रुंद रस्त्यात गेली, त्याआधी साहेबलोक नव्या इमारतीचा नकाशा घेऊन आले होते. "काय हवं ते मोकळेपणाने सांगा." कांताबाई म्हणाली, "घरापुढं ओटा पाहिजे साहेब. आमचा बुढा तिथंच बसते, तिथंच हासते." साहेबांनी 'बसण्याची सोय' असं लिहून घेतलं. रस्त्यापलीकडच्या बागेत स्टीलची बाकं आली. लहानूजी ती खिडकीतून बघत.

घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या दिवशी गल्ली ओरडली, "लहानूभाऊचाच हात लावा गा!" भिशीची चिठ्ठी नेहमी तेच काढत, त्यांचा हात गुणाचा म्हणून. त्यांनी आधी शेजाऱ्यांच्या काढल्या. शेजारच्या भूमिकाच्या आईला तळमजला लागला, टाळ्या पडल्या. त्यांची स्वतःची मागे राहिली, ती चौथ्या माळ्याची. अदलाबदल करायला बंदी होती. लिफ्टसाठी खड्डा तेवढा तयार होता.

भूमिका कॉलेजात जाणारी, कोणाचाही आवाज हुबेहूब काढावा तर तिनेच. भाजीची पिशवी घेऊन कांताबाई जिन्यात दम खात बसली की ही साहेबांसारखी मान तिरपी करून त्यांच्याच आवाजात म्हणे, "लिफ्टचं काम प्रगतिपथावर आहे बरं, मावशी!"

कांताबाई पदर तोंडाला लावून हसे. एकदा मात्र म्हणाली, "लिफ्टच्या आधी बुढाच खाली येते, पाहून घेजो."

"लावता का शर्त, आजी? दसऱ्याले आबाले लिफ्टमधूनच उतरवून दीक्षाभूमीवर नेऊ! हारली तर तुम्ही म्हणाल त्याची नक्कल करीन."

"लाव."

या खेपेला कांताबाई हसली नव्हती, हे भूमिकाच्या ध्यानात फार उशिरा आलं.

दसरा यायच्या आधीच लहानूजी गेले. जिन्याच्या वळणावर तिरडी वळेना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बांधून त्यांना खाली आणलं आणि क्षणभर भूमिकाच्या दारापुढे टेकवलं. गल्लीतली जुनी माणसं भोवती उभी राहिली, ओट्यापाशी राहायची तशी.

पाहुणे पांगल्यावर कांताबाई भूमिकाच्या दारात आली.

"शर्त हारली ना वं तू?"

"हो, आजी."

"मंग काढ त्याहिचा आवाज. बाजारातून आल्यावर ओट्यावरून हाक मारत, तसा."

साऱ्या गल्लीचे आवाज घशात घेऊन फिरणारी पोर दाराबाहेर येऊन, लहानूजींना टेकवलं होतं तिथं बसली. मग जड, खरखरीत सूर फुटला.

"कांते, पाणी आण वं!"

"आणते जी," म्हणत कांताबाई वळली आणि जिना चढू लागली.