बाबा ‘गा’ म्हणायचे तेव्हा

पहिलंच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. देवावरच नाही, तर बाकीच्यांवर कुठून असणार! आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात देवाला जागा नव्हती, आणि बाबा त्या बाबतीत भलते कडक. तरी हे घडलं... आणि माझ्याच तोंडून घडलं.

सत्तरच्या दशकातला मे महिना. नागपुरातलं एक मिशनचं हॉस्पिटल, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. बाबा मिलमध्ये फिटर. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांची वाचा गेली, उरलं एकच अक्षर — "गा... गा..." आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना ‘गा’ लावतात. मला वाटायचं, मलाच बोलावताहेत. मी म्हणायचो, "इथंच आहो ना, बाबा!"

केरळची सिस्टर मात्र मराठी पुस्तकातून शिकलेली. "भाऊ, ते गा म्हणतात. मी गाते," म्हणाली, आणि रोज सकाळी बाबांच्या उशाशी प्रार्थनेचं गाणं म्हणू लागली. गाणं मराठी, पण येशूचं. ऐकताना मी नकळत ताल धरायचो आणि त्याचाच मला संताप यायचा. आपल्याला काय घेणंदेणं त्या येशूशी? चौथ्या दिवशी भडकलोच.

"सिस्टर, थे मले हाक मारून राहिले! देवाचं गाणं आयकवलं म्हणून उठून मारतीन मले. बंद करा!"

"सॉरी भाऊ," म्हणून ती गेली.

दुसऱ्या सकाळी खोली चिडीचूप. बाबांचं "गा... गा..." वाढत गेलं. मग श्वास अडकायला लागला, ओठ निळे पडले. सिस्टरला ओरडायला मी तोंड उघडलं — आणि गाणं बाहेर आलं. एक शब्द अडखळला नाही. मी रडत होतो आणि गात होतो. बाबांनी चांगल्या हातानं माझं मनगट आवळलं... हळूहळू त्यांचा श्वास मोकळा झाला.

सिस्टर दारात उभी होती, पांढरीफटक.

"भाऊ, शेवटचं कडवं कोणी शिकवलं?"

"तुमीच गाता ना रोज."

"नाही. ते आम्ही फक्त कबरस्तानात गातो. आजारी माणसापुढे कधीच नाही."



बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. मी देव आजही मानत नाही, आणि यामागचं कारण मला आजही सांगता येत नाही. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्यासाठी ते कडवं म्हणावंसं फार वाटलं. तोंड उघडलं... एक शब्दसुद्धा आठवला नाही.