एकाच ताग्याचं अस्तर

आमच्या नाटकात देश माणसांसारखे चालत-बोलत. मी नदीपलीकडचा देश व्हायचो. आपला देश व्हायचा एक धिप्पाड नट, सगळे त्याला पहिलवान म्हणत. लेखकाने आमचं नातं काही लिहिलं नव्हतं. ते जुळवलं कपडेपट सांभाळणाऱ्या मावशीने.

विंगेतल्या स्टुलावर बसून तिने एकूण एक प्रयोग पाहिला. तिच्या लेखी पहिलवान थोरला, मी शेंडेफळ, आणि समुद्राकडचा देश म्हणजे आमच्यात काड्या घालणारी आत्या. एन्ट्रीआधी ती पहिलवानाला बजावायची, "थोरल्या, धाकट्याकडे बघ जरा. आईविना वाढलंय पोर."

"पोर? मावशी, टक्कल पडलंय त्याला."

"तुझ्याच काळजीने पडलं असेल."

किती हसायचो आम्ही! पुढे रंगपटातही एकमेकांना थोरल्या-धाकट्या म्हणू लागलो. मावशीने आमच्या दोन्ही कोटांना आतून एकाच ताग्यातलं पिवळ्या फुलांचं अस्तर लावलं, तेही दुहेरी टाक्यांनी. "भाऊ आहात. कुणाला दिसलं नाही तरी असू दे." तिची लेक नदीपलीकडे दिलेली होती.

मग सीमा बंद झाली. लेकीची खबरबात थांबली. पलीकडे नातलग असणाऱ्यांना चौकशीला नेऊ लागले, आणि नेलेले सगळेच परत येत नव्हते. एका सकाळी सरकारी हुकूम आला. शेवट बदला. थोरल्याने शेजाऱ्याचा कोट टराटरा फाडायचा, मग स्वतःचा कोट उघडून छातीवरचं निशाण दाखवायचं. संध्याकाळच्या प्रयोगाला हुकूम काढणारे साहेब पहिल्या रांगेत बसणार होते.

दोन्ही अस्तरं एकदमच दिसली असती. ती कुणी लावली, हे विचारायला कितीसा वेळ?

मावशीने कात्री घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "उसवायला गेले तर कोटच जातील रे. दुसरी जोडी नाही."

शेवटचा प्रवेश आला. पहिलवानाने माझी कॉलर धरली. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. विंगेत मावशी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी होती. पहिलवानाने तिकडे एकदा पाहिलं. मग कॉलर सोडली आणि खालपासून एकेक करत माझ्या कोटाची बटणं लावली, पार गळ्यापर्यंत. नंतर स्वतःची. पडदा पडला.

साहेब आत आले. "फाडायचा होता ना?"

"हा थंडीने कापत होता, साहेब."

कापत तर मी होतोच. साहेबांनी माझ्या कॉलरमध्ये बोट घालून पाहिलं. बोट पुढे जाईना. "उद्यापासून नाटक बंद," एवढं म्हणून ते निघून गेले.

कोट अंगावर ठेवूनच आम्ही मावशीला मध्ये घेतलं आणि घरी पोचवायला निघालो. कोपऱ्यावर गणवेशवाल्याने अडवलं.

"ही कोण?"

"आमची आई," पहिलवान म्हणाला.

मावशीने दोघांच्याही बाह्या घट्ट धरल्या. गळ्याशी काचणारं बटण सोडायची मात्र तिचं दार येईपर्यंत माझी छाती झाली नाही.