कॅनडातले पाणाडे

आमच्या घरी पाहुण्याला बसायला धड खुर्ची नव्हती, पण कॅनडाच्या गाणाऱ्यांच्या चार लाँगप्ले तबकड्या होत्या. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला राग येतो तो "तुमच्याकडं? धाराशिवकडं?" असं विचारतात त्याचा. जणू आमच्याकडं यायचा परवाना फक्त दुष्काळालाच होता!

बहात्तरच्या दुष्काळानंतर परदेशी मदतीतून बोअर मारायच्या गाड्या आमच्या भागात फिरायला लागल्या. तेरच्या आसपासच्या गावांत जी गाडी आली तिच्यावर एक कॅनडाचा माणूस होता. उंच, उन्हानं मान लालबुंद झालेला, भाकरीवर ठेचा घेऊन डोळ्यांत पाणी आलं तरी ताट न सोडणारा. त्याच्या हाताखाली माझा थोरला भाऊ लागला. दादा मॅट्रिकला दोनदा आपटला होता, पण यंत्र त्याच्या हाताला वश होतं. त्या माणसाकडं सुटकेसएवढा, बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता, आणि त्याच्याबरोबर या चार तबकड्या. सगळे गाणारे त्याच्याच देशाचे. गाणं स्वतःच लिहायचं, चाल स्वतःच लावायची आणि गायचंही स्वतःच, हे दादा आम्हाला असं सांगायचा की जणू त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

त्या माणसाची एक सवय होती. दिवसभर कॉम्प्रेसरचा कानठळ्या बसवणारा आवाज, तोंडावर पांढरी धूळ. पाणी लागलं की तो यंत्र बंद करायचा, वर आलेल्या गढूळ पाण्यानं तोंड धुवायचा आणि एक तबकडी लावायचा. एवढंच. पण बघणाऱ्यांनी काय बघितलं? की ही काळी थाळी फिरते तेव्हा पाणी असतं. दोन गावं झाली, तीन झाली. चौथ्या गावात लोक नारळ, गूळ घेऊन उभे, आणि म्हणतात, "आधी रेकॉर्ड लावा साहेब, मग मशीन चालू करा." तो हसला आणि त्यानं लावली. नेमकं त्या गावात भरपूर पाणी लागलं. झालं! आमच्याकडं जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणाऱ्याला पाणाड्या म्हणतात. कुणी नारळ तळहातावर उभा धरतं, कुणी कडुनिंबाची फांदी. आता त्यांच्या जोडीला कॅनडातले चार पाणाडे आले.

जाताना तो माणूस प्लेअर आणि तबकड्या दादाला देऊन गेला. दादा पुढं दूध सोसायटीत चिकटला. संध्याकाळी तो आला की अंगणात बाजेवर प्लेअर ठेवायचा, आणि आमची वस्ती कॅनडा ऐकायची. पहिली तबकडी एका जाड्या आवाजाच्या माणसाची. तो गायचा कमी आणि बोलायचा जास्त. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "ह्याला कुणाची तरी समजूत घालायचीय." दुसरा किरट्या, चिरक्या आवाजाचा, मधेच तोंडाचा बाजा वाजवणारा, आणि त्याची विजेची गिटार अशी विव्हळायची की शेजारची म्हैस कान टवकारायची. तिसरी पाच-सहा जणांच्या टोळीची. ती लावली की दादाचे पाय आपोआप हलायचे. आणि चौथी एका बाईची. ती एकटीच गायची. आवाज उंच चढायचा, वाटायचं आता पडतो की काय, आणि मग अलगद पायरीवर येऊन बसायचा. ती तबकडी मायची. माय निवडणं-टिपणं हातात घेऊन ऐकायची. एकदा म्हणाली, "ही बाई रडत न्हाय गं. रडून झाल्यावर गाती." पुढं तेव्हाच्या उस्मानाबादला कॉलेजात मला इंग्रजी जरा कळायला लागलं, तेव्हा मी त्या गाण्यांचे शब्द पुन्हा लक्ष देऊन ऐकले. बर्फ, लांबचे रस्ते, तुटलेली माणसं. चारही तबकड्यांत पावसासाठी कुणी एक शब्द टाकला नव्हता, आणि त्या बाईबद्दल मायनं एक शब्द न कळता नेमकं तेच सांगितलं होतं जे मला शब्दकोश घेऊन बसल्यावर कळलं. मायचा मला फार अभिमान वाटला.

पण मायचं खरं दुखणं पाण्याचं होतं. आमची वस्ती बौद्धांची. अण्णांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो, पण पाणी गावच्याच हातात. जवळची विहीर सोसायटीच्या चेअरमनची. काठावर चढायचं नाही. खाली घागर ठेवून उभं राहायचं आणि वरून कुणी वाढलं तर घ्यायचं. वाढायची ती चेअरमनची आई. सगळे तिला आत्याबाई म्हणायचे. म्हातारी मनानं वाईट नव्हती, घागर काठोकाठ भरायची, पोराबाळांची चौकशी करायची. पण हात वरच. मी मायबरोबर उभी असायचे आणि माझं डोकं तापायचं. माय म्हणायची, "डोकं तापवून घागर भरत न्हाय." तिला एकच हवं होतं, स्वतःच्या हातानं काढलेलं पाणी, आणि तेही मी लग्न होऊन जायच्या आत. मी तिथं उभी राहिलेली तिला बघवत नव्हतं.

मग पुन्हा पावसानं दडी मारली आणि आत्याबाईची विहीरच आटली. गाळ काढून खोल करायचं ठरलं. आत्याबाईनं दादाला सांगावा धाडला, तबकड्या घेऊन ये म्हणून. अण्णा भडकले. "आपण नवस-सायास सोडले ते ह्या थाळ्या पुजायला का?" पण दादा सोसायटीत नोकरीला, चेअरमनच्या आईला नाही कसं म्हणणार? गेला. तबकडीला हळद-कुंकू लागलं. कॅनडाच्या त्या जाड्या आवाजाच्या माणसानं आपल्या आयुष्यात काय काय बघितलं असेल, पण हे नक्कीच नसेल. गाणं झालं, सुरुंग उडाले, आणि विहिरीत निघाला निव्वळ काळा पाषाण. आता गाण्याचा आणि पाण्याचा संबंध नाही हे कळायला हरकत नव्हती. पण आत्याबाई म्हणाली, "पोरानं उलटी बाजू लावली." सगळ्या गावानं माना डोलावल्या. गाव टँकरवर आलं, आणि टँकरलाही आमचा नंबर शेवटी.

त्याच उन्हाळ्यात वस्तीसाठी सरकारी बोअर मंजूर झाला. गाडी आली तेव्हा आत्याबाईचा निरोप आधीच पोचला होता: ह्या बारीला बाजू नीट बघून लावा. अण्णांनी प्लेअर ट्रंकेत टाकला आणि स्वतः ट्रंकेवर बसले. यंत्र सुरू झालं. सकाळ गेली, मुरूम संपला, दगड लागला, धूळच धूळ. दुपार कलली तशा वस्तीतल्या बाया अण्णांपुढं आल्या. "लावू द्या की वो. लागलं तर लागलं, तुमचं काय जातंय?" दादानंही मान खाली घालून म्हटलं, "अण्णा, तुम्ही म्हणाल तसं. पण गाडी उद्या जाणार हाय."

अण्णा डळमळले. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि खरं सांगते, मलाही वाटत होतं की लावावी. पाण्यापुढं तत्त्व किती वेळ टिकणार?

पण बोलली ती माय. "गाण्यानं पाणी आलं तर उद्या गाव म्हणंल, ह्यांचं कुठलं, रेकॉर्डचं पाणी हाय. मला कुणाचं वाढलेलं नको, त्या बाईचंबी नको. लागायचं आसंल तर आसंच लागू द्या." ती बाई म्हणजे तबकडीतली. मायनं आपल्या सगळ्यात लाडक्या बाईलाही सूट दिली नाही.

मग दिवस कासराभर राहिला असताना धूळ यायची थांबली. आधी चिखल उडाला, मग ओला फवारा. दादा ओरडला, "लागलं, माय, लागलं!" अण्णा ट्रंकेवरून उठले आणि पुन्हा बसले. माय पुढं झाली, ते गढूळ पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्या तोंडावर मारलं. मी आयुष्यात इतकी कधी हसले नाही.

हापसा बसायला आणखी काही दिवस गेले. सिमेंटचा कट्टा वाळला, दांडा लागला, पाणी निवळलं. त्या सकाळी माय दादाला म्हणाली, "आता लाव तुझी बाई. आता नाव ठेवायला कुणाला जागा न्हाय." दादानं सोसायटीतून मागून आणलेला कर्णा जोडला आणि चुकून म्हणा की मुद्दाम, त्याचं तोंड गावाकडं केलं. ती एकटी बाई आमच्या माळावर गायला लागली.

आता गावाला एवढंच ठाऊक, की रेकॉर्ड वाजली म्हणजे पाणी. हातातली कामं टाकून बाया घागरी घेऊन निघाल्या. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना कळलं आपण कुठं आलोय, तशा थबकल्या. पुढं आली ती एकटी आत्याबाई. हापशापासून चार हात लांब तिनं घागर खाली ठेवली आणि वाट बघत उभी राहिली. अगदी माय उभी राहायची तशी. तिला तरी दुसरी रीत कुठं ठाऊक होती?

वस्ती मायकडं बघत होती. माझ्या मनात तर नको नको ते आलं, म्हटलं आता हिला दुपारपर्यंत उभी कर.

"आत्याबाई, लांब का थांबलाव?" माय म्हणाली. "हितं कुणी वाढत न्हाय. या, दांडा धरा आन् घ्या तुमच्या हातानं."

आत्याबाई आली, दांडा धरला, पण म्हातारीच्या अंगात कुठला जोर? दांडा खाली जाईना. मायनं तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दाबला. आत्याबाई हात काढून घेईल असं मला वाटलं होतं. नाही घेतला. दोघी हापसत राहिल्या, घागर भरली. बाटलेलं भांडं म्हणून तिच्या घरी काय काय राखेनं घासायचे ते मला पाठ होतं, म्हणून मी बघत राहिले, ही आता पाणी ओतून देईल, घागर आधी धुवील. तिनं काठावर सांडलेलं पाणी पदरानं पुसलं, घागर डोक्यावर घेतली आणि मायला म्हणाली, "गोड हाय गं तुझं पाणी."