दोडका हजर आहे

"दोडका हजर आहे."

रोज सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एवढेच वाक्य यायचे आणि सोबत एका दोडक्याचा फोटो. कधी दोडका खुर्चीवर बसलेला, कधी मफलर गुंडाळलेला, एकदा तर कुकरशेजारी सावधान उभा. पाठवणारे आमचे सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावात घर बांधून राहिलेले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ आणि चेहरा असा, की हा माणूस आयुष्यात कधी हसला असेल यावर कुणी पैज लावणार नाही.

तुमच्याही मोबाइलवर असा ग्रुप असेलच. गुलाबाची फुले, सुविचार, हरवलेली पाकिटे आणि नळाला पाणी कधी येणार याची चौकशी. त्यात हा दोडका. मी आधीच मास्तर, त्यात ग्रुपचा अ‍ॅडमिन. एकदा त्यांना रस्त्यात गाठलेच.

"सुभेदार, या दोडक्याचा अर्थ काय?"

"आवं गुरुजी, अर्थ न्हाई म्हणून तर पाठवतो. अर्थ असलेलं सगळं तुमी पाठवताच की."

घरी येऊन बायकोला सांगितले, तर ती तोंडाला पदर लावून हसत बसली. हळूहळू पुष्कळजण तिच्यासारखे फितूर झाले. एकदा दोडक्याच्या जागी पडवळ आले. खाली लिहिले होते, "दोडका रजेवर. बदली शिपाई हजर." कोर्टात नोकरीला असलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी लगेच रजेचा अर्ज मागितला. मला हा सगळा पोरकटपणा वाटायचा. तो कशाच्या कामी येतो, हे रेश्माच्या प्रसंगात कळले.

रेश्मा आमच्याच गल्लीतली. भाऊ नको नको म्हणत असताना हट्टाने लायसन काढून ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवू लागली होती. कारखान्याचा हंगाम सुरू होता. आता उसाची ट्रॉली दिसली, की त्यातला एक ऊस ओढायचाच, हा आपल्याकडचा रिवाज. सातारा-सांगलीत वाढून ज्याने ऊस ओढला नाही, त्याच्या जन्मदाखल्याचीच चौकशी करावी. मुलांना शाळेत सोडून परत येताना, चहासाठी थांबलेला एक ट्रॅक्टर बघून रेश्मालाही राहवले नाही. तिने ऊस ओढला. पण मोळी सैल होती. एका उसामागे अख्खी मोळी अंगावर आली आणि बाई भर रस्त्यात बसकण मारून, केसांत पाचट आणि हातात तो ऊस घट्ट!

कुणीतरी शूटिंग केले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वाईपासून लोणंदपर्यंत फिरला. तेवढे चालले असते, पण त्याखाली लोकांनी लिहिलेले वाचवत नव्हते. 'हिच्या हातात पोरं देता?' 'चूल सोडली की असंच.' ती प्यायली होती, असेही एकाने ठोकून दिले. पालक एकेक करून मुले काढून घेऊ लागले. रेश्माने व्हॅन दारात लावली, वर ताडपत्री टाकली आणि ती विकायचे बोलू लागली.

मी ग्रुपवर मोठा लेख लिहिला. स्त्रीचा सन्मान, समाजाची जबाबदारी, सगळे त्यात होते. चार अंगठे आले आणि वाद दुपटीने वाढला.

सुभेदार वादात पडलेच नाहीत. सकाळी त्यांचा फोटो आला. उसाच्या ढिगाखाली दोडका, फक्त देठ बाहेर. "दोडका ऊस ओढताना सापडला. जामीन नामंजूर." दुपारी स्वतः सुभेदार. अंगणात आडवे, अंगावर मोळी, छातीवर पदके, चेहरा तसाच. "मीपण ओढला. जामीन नामंजूर."

मग लोक जे सुटले म्हणता! डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोपसकट उसाखाली. फर्निचरवाले चाचा आपल्याच नव्या सोफ्यावर, अंगावर ऊस. एका आजींच्या घरात ऊस नव्हता, त्यांनी अंगावर शेवग्याच्या शेंगा घेतल्या. फोटो ग्रुपबाहेरही फिरू लागले. तासगावकडच्या कुणा अनोळखी माणसाने म्हशीवर मोळी ठेवली, तर म्हशीने पुरावाच खाल्ला. आता रेश्माबद्दल कुणी वाकडे लिहिले, की दहाजण त्याला विचारत, "तुमचा ऊस कुठाय?" टोमण्याला उत्तर दिले की तो फुगतो. पण अशा बिनबुडाच्या गमतीपुढे तो काय करणार? बिचारा एकटाच पडतो.

मी रेश्माकडे गेलो, तर ती जमिनीवर बसून मोबाइल बघत होती आणि डोळ्यांना धार लागली होती. मी घाबरलो.

"आवं गुरुजी, ती म्हस बघा की!" म्हणाली आणि हसून हसून भिंतीला टेकली. इतक्या दिवसांनी तिला हसताना बघून मला फार बरे वाटले.

सोमवारी ताडपत्री निघाली. मुले हट्ट करून परत आली. उसाखालच्या मावशीच्या गाडीतून जाणे हा आता शाळेत मान झाला होता. गाडी निघाली तेव्हा सुभेदारांनी फाटकातून कडक सॅल्यूट ठोकला.

हे त्यांना सुचले कसे, ते मी विचारलेच.

"बर्फात चौकीवर हुतो," ते म्हणाले. "लय भ्या वाटायचं, पर बोलायची चोरी. मग आमी एका बटाट्याला साहेब केलं. रोज त्याला रिपोर्ट द्यायचा. हसणाऱ्या माणसाला भ्या वाटत न्हाई, गुरुजी. निदान तेवढ्या टायमाला तरी न्हाई."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप केला आणि सुभेदार सांगलीला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या दाराला कुलूप आहे. येता-जाता तिकडे नजर जाते आणि करमत नाही.

परवा लोणंदला एका लग्नासाठी आम्ही रेश्माची व्हॅन सांगितली होती. वाटेत चहाला थांबलो, तर टपरीवरचा एकजण तिच्याकडे रोखून बघू लागला. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसले आणि दात काढत विचारले, "त्या उसाखाली गावल्याल्या तुमीच का?"

मी उठायच्या बेतात होतो. रेश्माने कप खाली ठेवला, मान वर केली आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"व्हय, मीच. लय गोड हुता."