तीन फायदे

बंगळुरात, बनशंकरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात सकाळी कुकर लावायच्या आधी अमेरिकेतली पोरं हजर व्हायची. लॅपटॉपवर. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि गृहपाठाची आठवण जगात कुठंही संध्याकाळीच होते. ती प्रश्न टाकायची, मी त्यांच्या देशाचा इतिहास त्यांनाच समजावून द्यायची. बेळगावकडची मी, इतिहासात एम. ए.; त्यांचे राष्ट्राध्यक्ष मला ओळीनं पाठ. उत्तर आवडलं की पोरं तारे देणार आणि त्या ताऱ्यांवर माझं काम टिकणार.

एके दिवशी एका मुलीचा प्रश्न आला. मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हलवल्यामुळे देशाला झालेले तीन फायदे लिहा.

माझं डोकं सणकलं. मी दुसरीत असताना आमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. काळ्या रानाच्या बदल्यात मुरमाड माळ मिळाला. त्यात हुलगेसुद्धा धड येईनात, तेव्हा बाबा वखारीत हमालीला लागले आणि मरेपर्यंत पाठ धरून बसले. आणि मी फायदे लिहायचे!

लिहिले. कापसाला जमीन मिळाली, वस्ती वाढली, रस्ते झाले. मग चौथा परिच्छेद लिहिला. माणसांना थंडीत चालवत नेलं, कितीतरी वाटेतच मेली, आणि हा फायदा कुणाचा हे त्यांना कुणी विचारलं नाही. यात एक शब्द खोटा नव्हता. मुलीनं कळवलं, तीनच हवे होते. एक तारा दिला.

तासाभरात के. आर. पुरमच्या ऑफिसातून टीम लीडचा फोन. चौथा परिच्छेद काढा, दहाच्या आत परत पाठवा, नाहीतर इतिहास तुमच्याकडून काढून घ्यावा लागेल, असं त्यानं हिंदीत गोड आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाला, "मॅडम, इमोशनल मत होइए. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडं जुळवून घ्या म्हणे, तेही कानडीत! असा संताप आला की मी फोन कट केला. त्या मुलीचा राग नव्हता, ती लेकरू. राग होता तो प्रश्न छापणाऱ्याचा, आणि ज्याचं जळतं त्यानं बाजूला उभं राहून फायदे मोजावेत असं वाटणाऱ्या सगळ्यांचा.

माझी आदळआपट ऐकून आई चहा घेऊन आली. काय झालं म्हणाली. मी प्रश्न मराठीत सांगितला. ती खुर्चीवर टेकली, बशीत चहा ओतला.

"तीनच व्हय गं?" ती म्हणाली. "आमाला धरणाच्या सायबांनी पाच सांगितले हुते. देवळाम्होरं मांडव घालून."

मी चौथा परिच्छेद काढला नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले, लॅपटॉप मिटला आणि कणीक मळायला घेतली.

इतिहास गेला. आता मी त्याच पोरांचे निबंध तपासते, स्वल्पविराम घालते, पैसे कमी मिळतात. मला त्याचा अजून राग येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

आई मात्र त्या दिवसापासून बोटं मोजते. रस्ता, शाळा, दवाखाना, लाईट. पाचवा फायदा तिला काही केल्या आठवत नाही.